दोन्हीकडून बंद पाइप

४ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस अ. उ. आ.

पत्र तुझ्या औषधाच्या दुकानावर पाठवतोय. फोनवर बोललं की तुझा नवरा मध्येच तोंड घालतो, आणि हे त्याच्या कानावर जायला नको.

तू फोनमध्ये घालून दिलेला जिओकॅशिंगचा खेळ मला भलताच मानवलाय. आकडे नेतील तिकडे जायचं, कोणीतरी लपवलेला डबा हुडकायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि डबा जिथल्या तिथे ठेवून यायचं. एवढंच, पण तुझ्या सासूबाई गेल्यापासून जी संध्याकाळ खायला उठायची, ती आता पुरत नाही. खेळात माझं नाव ‘पाना’. खरं नाव तिथे कोणी विचारत नाही.

आता मी स्वतःचेही डबे लपवायला लागलोय. इतरांच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत पाणी शिरतं. जन्मभर नळकाम केलेल्या माणसाने तसला डबा ठेवला, तर लोक तोंडात शेण घालतील. म्हणून हातभर पाइप घेतला, आटे पाडले, दोन्ही टोकांना टोपणं आवळली, टेप गुंडाळली आणि बँकेसमोरच्या बाकाखाली तारेने बांधून टाकला. एक थेंब आत जाईल तर शपथ. तुझे उपकार कसे फेडू, सांग.

लोभ असू दे, त्याला गळती लागू देऊ नकोस.

तुझा,
आप्पा

१५ फेब्रुवारी

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

जायला नको होतं तिथे गेलंच. पोलिसांनी थेट तुमच्या चिरंजीवांना फोन केला. बँकेसमोर तारेने बांधलेला, दोन्हीकडून बंद पाइप! आप्पा, धन्य आहे तुमची. मी आधी पोट धरून हसले. मग यांच्याकडे पाहिलं, तर चेहरा पांढराफटक.

येत्या शनिवारी घराला कुलूप लावून तुम्हाला कायमचं इकडे आणायला हे येताहेत. मधली खोली रंगवूनही झाली. खेळ मी शिकवला म्हणून पहिली आरोपी मीच, त्यामुळे सध्या आमच्यात कामापुरतंच बोलणं आहे. पण खरं सांगू? हे रागावलेले नाहीत, घाबरलेत. आई स्वयंपाकघरात पडल्या तेव्हा तुम्ही कामावर होतात आणि दुपारपर्यंत कोणालाच पत्ता नव्हता. उद्या आप्पांचं तसं झालं तर कोणाला कळणार, एवढंच धरून बसलेत.

तुम्हाला यायचंय की नाही, ते भिडेखातर नको, मनापासून लिहा. येतो म्हणालात तर दारात उभी असेन. नाही म्हणालात तर तुमच्या बाजूने भांडेन.

माया आहे तशीच ठेवावी, ही विनंती.

आपली,
सूनबाई

१८ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस अ. उ. आ.

त्या दिवशी रस्ता अडवला होता. मीही गर्दीत टाचा उंचावून बाँब कुठेय म्हणून बघत होतो. कुत्रं आलं, चिलखत घातलेला माणूस आला. त्याने बाकाखालून वस्तू बाहेर काढली तेव्हा टोपण ओळखीचं वाटलं. हात वर करून पुढे झालो आणि थेट चौकीत जाऊन बसलो.

थोड्या वेळात खेळातली माणसं माझी बाजू घ्यायला येऊन थडकली. पिठाने माखलेल्या हातांची बेकरीवाली, चष्म्यांचा दुकानदार, शाळेची बस चालवणारा. साहेबांनी त्यांना माझं नाव विचारलं, तर तिघं एका सुरात म्हणाले, पाना. एकमेकांची नावंही त्यांना सांगता येईनात. साहेबांचा संशय आणखीच बळावला. शेवटी माझा पत्ता सगळ्यांसमोर लिहून घेतला आणि ताकीद देऊन सोडलं.

आता तुझा प्रश्न. मला यायचं नाही. तुमच्याकडे काही कमी पडणार नाही हे ठाऊक आहे, पण तिथे मी नुसता कोणाचा तरी बाप असेन. इथे बाहेर पडलो की लोक लांबून हात करतात. मात्र तू भांडू नकोस. त्याची भीती खोटी नाही. तो आला की मी मुकाट्याने बॅग भरेन.

लोभ आहेच, तो घर बदललं तरी राहील.

तुझा,
आप्पा

२५ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस अ. उ. आ.

शनिवारी चिरंजीव आला आणि बॅगा भरून दाराशी लावल्या. सर्दीची गोळी घेतल्यामुळे रविवारी सकाळी मला जागच आली नाही. इकडे खेळात कोणीतरी तक्रार लिहिली होती, की बागेतल्या माझ्या डब्याचं टोपण ढिलं झालंय. असल्या तक्रारीला मी लगेच उत्तर देतो. आदल्या दिवसापासून पाना गप्प, म्हणून बेकरीवालीने चौकीत ऐकलेला पत्ता आठवला आणि ती येऊन दार ठोठावू लागली.

दार उघडलं ते तुझ्या नवऱ्याने. अंगात बनियन, मागे भरलेल्या बॅगा. बाईंनी त्याला चोरच ठरवला! सोबत आलेला बसवाला दार अडवून उभा राहिला, चष्मेवाला खिडकीशी. हा जीव तोडून सांगतोय की मी त्यांचा मुलगा, आणि ते म्हणताहेत आधी आम्हाला पाना दाखवा. गलका ऐकून मी डोळे चोळत बाहेर आलो. मला बघून बाईंनी आधी देवाचे आभार मानले आणि मग माझी अशी खरडपट्टी काढली की विचारू नकोस. जीव टांगणीला लागला होता बिचारीचा.

सगळ्यांना चहा चिरंजीवानेच केला. ती मंडळी गेल्यावर त्याने बॅगा उघडल्या आणि माझे कपडे कपाटात परत लावले, सगळे चुकीच्या कप्प्यात. दाराला लावायला आणलेलं नवं लॅचचं कुलूप बसवलं खरं, पण त्याची एक किल्ली माझ्या हातात दिली आणि एक बेकरीत जाऊन बाईंना देऊन आला.

तिसरी खिशात टाकताना खाली बघत त्याने मला विचारलं, की मी न कळवता मधूनमधून आलो तर चालेल ना. सूनबाई, मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तू नुसता खेळ शिकवला नाहीस, पोरी. उदंड आयुष्यवंत हो, आणि पुढच्या वेळी त्याच्याबरोबर तूही ये.

तुझा ऋणी,
आप्पा