मागचं फाटक

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. म्हणजे आधी ते खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याकडे पोचलं, कारण पाकिटावर खोलीचा नंबर टाकायला तू विसरलीस. त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि वर आणून दिलं. आपली अक्षरं बघून त्याला वाटलं, कुणीतरी दोरीवर मोजे वाळत घातलेत. चांगला माणूस आहे. पूर्वी बोटीवर स्वयंपाकी होता. पण त्याची गोष्ट सुरू केली तर तुझी राहील, म्हणून थांबतो.

तर तू येतेस! जिन्याखालच्या खोलीत बसून जन्मभर लोकांच्या कोटांना रफू करणारी माझी आत्या विमानात बसणार, आणि मी ज्या हॉलात टेबलं-खुर्च्या मांडतो त्याच हॉलात दुरुस्तीच्या मेळ्याला येणार. पत्र वाचून मी एवढ्या मोठ्याने हसलो की मुकादमाने विचारलं, डोक्यावर काही पडलं का. मी म्हटलं, देशोदेशीची माणसं येऊन घड्याळं, खुर्च्या, फुटक्या कपबश्या लोकांसमोर नीट करून दाखवणार आहेत ना, त्यांत कपड्यांच्या टेबलावर माझी आत्या आहे. त्याचा विश्वास बसला नाही. तुझं तोंड सुरू झालं की बसेल.

आता कामाचं. कातरी आणि सुया हातातल्या पिशवीत ठेवू नकोस, विमानतळावर काढून घेतात. मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये गुंडाळ. तुझा दिवा आणू नकोस, इथल्या प्लगात त्याची पिन बसत नाही. पाणी मागितलं की इथे बुडबुड्यांचं आणून ठेवतात. साधं हवं असेल तर सरळ नळाकडे बोट दाखव. स्वेटर दोन घे, हॉल थंड असतो. छताशी कबुतरं राहतात. त्यांतल्या एका जोडप्याने दिव्याच्या तबकडीत घर केलंय आणि आमचा वायरमन त्यांना हलवायला तयार नाही, म्हणून तेवढा एक दिवा कायम बंद. मुकादम आणि तो यावरून रोज भांडतात.

काय सांगत होतो? हां, खुर्ची. मेळ्याच्या सगळ्या खुर्च्या हातांच्या आहेत, त्यांत तुझं कोपर अडेल. कोठीत एक बिनहाताची सापडली. ती बाजूला काढून पाठीवर खडूने फुली मारलीय. हॉल समोरून फार देखणा आहे म्हणतात. मी काही पाहिलेला नाही, आम्ही कामगार मागूनच आत-बाहेर करतो.

बाबांना नमस्कार सांग, त्यांनी घेतला तर. लोभ आहेच, त्यात थोडी भर टाकलीस तर नको म्हणणार नाही.

तुझा भाचा,
भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. कबुतरं वाचली, वायरमन वाचला, बोटीवरचा स्वयंपाकी वाचला. मला घ्यायला तू कुठे उभा राहशील ते मात्र दोनदा शोधूनही सापडलं नाही. फोन कर म्हणून सांगू नकोस. फोनवर तू हो हो म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर निदान हो लिहावं तरी लागतं.

माझं विमान मेळ्याच्या पहिल्याच दिवशी सकाळी पोचतं. दुपारी दारं उघडतात. तोवर जो आपल्या टेबलाशी नसेल त्याची जागा थांबलेल्यांपैकी दुसऱ्याला देणार, असं निमंत्रणात आहे. ड्रायक्लीनरच्या मुलीने वाचून दाखवलं. सोबत एक नकाशाही आलाय, तो मी इथेच ठेवणार आहे. कापडाची घडी मला कळते, नकाशाची नाही. मी माणसाच्या सांगण्यावर चालते. तिथली भाषा तर एक अक्षर येत नाही.

हॉलात उजेड कसा आहे, तेही लिही.

तुझे बाबा ठीक आहेत. अजूनही रोज सकाळी पेपर उघडायच्या आधी दादा माझ्या दिवसभराच्या सुया ओवून देतो. त्या वेळी तुझा विषय काढला की दोऱ्याकडे बघत बसतो. शाळा अर्धी सोडलीस, तसं हातात घेतलेलं सगळं तू अर्ध्यावर सोडतोस, असं त्याचं म्हणणं. मी सांगून टाकलंय, की मला न्यायला तो येतो की नाही ते बघच. तेव्हा आता माझी लाज तुझ्या हातात आहे.

जेवत जा. लोभ तुला फुकटच मिळतो, म्हणून त्याची किंमत नाही.

तुझी आत्या


८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, आधी रस्ता नीट समजून घे.

विमानतळाच्या दारातून बाहेर आलीस की एक फुलवाला बसलेला दिसेल. फुलांकडे बघत राहू नकोस, तो हातात देऊनच टाकतो आणि मग परत घेत नाही. त्याच्या पलीकडे ट्रामचा थांबा. पिवळी ट्राम घे. लाल नको. लाल ट्राममध्ये मी एकदा चुकून बसलो, तर शेवटच्या थांब्यावर चक्क तळं निघालं. लोक नुसते काठावर बसले होते, मीही बसलो आणि त्या दिवशी कामाला गेलोच नाही. पण ते तळं तुला एकदा दाखवायला हवं.

पिवळीत चढलीस की दाराजवळच्या यंत्रात तिकीट घाल, ते चावून परत देतं. डाव्या बाजूला बस. मोठा पूल लागेल. पूल संपला की लगेच उठ आणि दाराशी जा. हिरवं बटण दाब, नाहीतर दार उघडत नाही आणि ट्राम तुला तशीच पुढे घेऊन जाते. समोर बेकरी. तिच्या बाजूची गल्ली धर. दगड ओले असतात, म्हणून उजवा हात भिंतीला लावून चाल. एक तपकिरी कुत्रं भुंकेल. ते फक्त मालकाला दाखवायला भुंकतं, तू थांबलीस की तेही थांबतं. गल्लीच्या टोकाला निळं लोखंडी फाटक. ते अडकतं, खांद्याने रेटा दे. आत गेलीस की हॉल. डावीकडे मोठ्या खिडकीखाली तुझं टेबल. उजेड भरपूर आहे, म्हणून तर ती जागा मुकादमाच्या मागे लागून मिळवली.

सोबत वेगळी चिठ्ठी जोडलीय. त्यावर इथल्या भाषेत लिहिलंय, की मला हॉलच्या निळ्या फाटकाशी जायचंय. अडलीस तर कुणापुढेही धर.

कागद संपला. लोभ या कोपऱ्यात मावेल तेवढा.

भिंगरी


२२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कोट हातात आला की मी आधी तो उलटा करते. सुलट बाजू सगळेच जपतात. कुठे काय विरलंय ते आतून कळतं. तुझं पत्रही तसंच उलटं करून पाहिलं. ज्याला घ्यायला यायचं असतं तो 'मी येतो' एवढंच लिहितो. कुठलं बटण दाबायचं आणि कुत्रं कुणासाठी भुंकतं, हे सगळं ज्याला यायचं नसतं तो लिहितो.

रागावलेली नाही. भिंगरी म्हणून नाव मीच ठेवलंय, आता ती फिरते म्हणून तक्रार कुठे करू? पण जायचं असेल तर जातो म्हणून लिही. कागद संपला म्हणून सांगू नकोस. मागची बाजू कोरी होती.

तू सांगितलंस तशी येईन. पिवळी ट्राम, पूल, बेकरी, फाटक, पाठ झालंय. भीती वाटते, तेही लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी आत्या बहाद्दर होती म्हणायला नको. दादाला यातलं काही बोलले नाही. परवा त्याने आपणहून विचारलं, की तो कुठे उभा राहणार आहे. मी म्हटलं, दाराशी.

लोभ आहे तसाच आहे. त्याला शिवण लागत नाही.

आत्या


३ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. मेळा मांडून झाला की आमची टोळी समुद्राकाठच्या एका शहरात निघते. तिथे यापेक्षा दुप्पट मोठा हॉल आहे आणि खिडकीतून बोटी दिसतात म्हणे. ट्रक तू उतरशील त्याच सकाळी सुटतो. एक दिवस थांबा म्हणून मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, ट्रक काय तुझ्या आत्याचा आहे? खोलीही मी सोडून बसलोय. हे आधीच लिहायला हवं होतं, पण लिहायला बसलो की मधेच तळं, कुत्रं असलं काहीतरी यायचं.

रस्ता मात्र पक्का आहे. रोज त्याच रस्त्याने जातो, डोळे मिटून ये. खुर्ची टेबलाशी ठेवूनच निघेन. बाबांना काय सांगायचं ते तू ठरव.

या वेळी लोभ मागायची हिंमत नाही, उरला असेल तर कळव.

भिंगरी


२१ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. वहिनीला सांग, स्वेटर दोन्ही लागले.

आता जे घडलं ते सांगते, मध्ये पेपर वर धरू नकोस. तुझा मुलगा मला घ्यायला विमानतळावर आला नव्हता. येणार नाही हे मला निघायच्या आधीच माहीत होतं, तुला सांगितलं नाही. त्याच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे मी फुलवाल्याकडे न बघता पिवळ्या ट्राममध्ये बसले, पुलानंतर हिरवं बटण दाबलं, बेकरीची गल्ली धरली. कुत्रं भुंकलं, मी थांबले, तेही थांबलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. गल्लीच्या टोकाला निळं फाटक, आणि फाटकाला हातभर साखळी आणि कुलूप.

त्या साखळीखाली उलट्या खोक्यावर हा बसलेला. बाजूला गाठोडं.

झालं होतं असं, की एवढे महिने हा कामगारांच्या फाटकातून जातो-येतो, तेव्हा मलाही त्याने तोच रस्ता लिहून दिला. मेळा मांडून झाला की ते फाटक बंद होतं आणि एकदम सामान काढायलाच उघडतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी ट्रकमध्ये चढून बसला आणि मुकादमाने साखळी घातली. याने विचारलं, आता लोक कुठून येणार? तो म्हणाला, लोक पुढच्या दाराने येतात, आपण लोक आहोत का? तेव्हा हा खाली उतरला. विमानतळावर धावत गेलो तर आपली चुकामूक होईल, आत्या सांगितलेल्या रस्त्यानेच येणार, एवढं बरोबर ओळखून तिथेच बसला. मुकादमाने नाही नाही ते ऐकवलं आणि ट्रक गेला.

मी पुढचं दार कुठे, एवढंच विचारलं. तर ते त्यालाही माहीत नाही! मग एका बाळाच्या गाडीवालीला विचारून आम्ही भिंतीकडेने जो वळसा घातला, तो घालताना माझी बॅग त्याच्या डोक्यावर आणि त्याचं गाठोडं माझ्या काखेत. दारं उघडताहेत तोच पोचलो. दारवाला याला आत सोडेना, बिल्ला नाही म्हणून. मी याच्या मनगटाला धरलं आणि सुईत दोरा ओवायची खूण करून दाखवली. याच्याशिवाय माझं काम नाही, हे त्याला कळलं.

आणि ते खोटंही नव्हतं, दादा. जवळचं मला किती दिसतं ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तू ओवून दिलेल्या सुया पहिल्याच दुपारी संपल्या. टेबलापुढे माणसं उभी, एका बाईचा आजोबांच्या वेळचा कोट माझ्या मांडीवर. मी रिकामी सुई धरून बसले. याने काही न विचारता ती हातातून घेतली. दोऱ्याचं टोक तुझ्यासारखंच ओठांत धरतो आणि तुझ्यासारखाच एक डोळा बारीक करतो. तेव्हापासून टेबलाशी बसून आहे. बिनहाताची खुर्ची आहे, पाठीवर फुली आहे. त्याच्या कोटाची दोन्ही कोपरं मी काल भरून काढली, दोरा त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून घेतला.

खाली थोडी जागा सोडते. लोभ करतोसच, या वेळी दोघांवर वाटून कर.

तुझी बहीण


ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्याने जागा सोडली आणि पेन हातात दिलं. मेळ्याचं शेवटचं टेबल उचलून होईपर्यंत मी इथेच आहे, मग तिला विमानात बसवून समुद्राकडे जाईन. मुकादमाचा निरोप आलाय, रागासकट. उद्याच्या सुया आत्ताच ओवून ठेवल्यात.

लोभाचं आत्याने वर लिहिलंच आहे, त्यात माझंही धरा. तुम्ही कधी यायचं ठरवलंत तर कळवा. मी जिथे असेन तिथली ट्राम, पूल, बटण काही लिहून पाठवणार नाही. विमानतळाच्या दारातून बाहेर या. मी समोरच उभा असेन.

भिंगरी