दहिवलीचा लाकडी डेक

मंगळवार, संध्याकाळ

दहिवलीच्या फार्महाऊसवर माझी बहीण कामाला होती. तिथला घराच्या भिंतीला लागून उभारलेला लाकडी डेक कोसळून तिच्या कमरेचं हाड मोडलं. तो बांधणारा ठेकेदार सांगत फिरला, “बाईच जड, डेकचा काय दोष?”

आज मालकांनी इंजिनिअरकडून उरलेला भाग तपासून घेतला, मीही गेले होते. डेक भिंतीला धरून ठेवणारे बोल्ट नाहीतच, नुसते खिळे. गंजलेले खिळे. हे आधीच कुणी पाहिलं असतं तर?

ठेकेदार हळूच म्हणाला, “ताई, रिपोर्टात माझं नाव नको. राहिलेला भाग मजबूत हाय.”

“मग चढून दाखव.”

तो जागचा हलला नाही. “साहेब, हेपण लिहा,” मी इंजिनिअरला म्हटलं. वाईट वाटायला हवं होतं का मला? नाही वाटलं.

भिसेगावात त्याने आणखी दोन डेक बांधलेत. उद्या दोन्ही घरी जाऊन तपासून घ्यायला सांगणार. त्याचं नाव घेऊन सांगणार.