अनाहेराला वाट कोणी दाखवली

ब्लफ, ३ जून

चि. आयोनास अनेक आशीर्वाद.

शीतगृहाच्या दारांची संगणकी कुलपं, थंडी मोजणारे सेन्सर, कुठल्या बोटीची मासळी कुठल्या खणात याची नोंद ठेवणारी प्रणाली, तापमान चढलं की बोंबलणारा भोंगा. कुठल्याही कॉलेजात न जाता हे सगळं मी या हातांनी केलं. आणि तू आपल्याच कंपनीत घुसून दाखवायला पैसे देऊन हॅकर आणलीस! रविवारी तिला, त्या अनाहेराला, जेवायला बोलावून माझ्या खुर्चीत बसवलंस, असं आई म्हणाली.

शोधू दे बापडीला फटी. काल सेन्सरवाल्यांकडून एका बाईंचा फोन होता. आपल्या दारांबद्दल इतकं चुकीचं बोलत होत्या की मी एकेक मुद्दा दुरुस्त करून दिला. जाणकार माणूस भेटला म्हणून खूश झाल्या.

कागदावर लिहितोय, कारण ईमेल तुझी पाहुणी वाचायची. लोभ आहेच, तो वाटून टाकू नकोस.

तुझा दादा,
मर्डो

डनीडिन, ९ जून

ती. दादास सा. न.

त्या बाई म्हणजे अनाहेराच. चूक ऐकून दादाला गप्प बसवत नाही, हे तिला मीच सांगितलं होतं. घरून दुरुस्तीसाठी तू ठेवलेली चोरवाट, त्या वाटेचा पासवर्ड कसा बनवतोस, सगळं तूच बोललास. काल तिनं माझ्यासमोर बसून तिसरं दार उघडलं. खरा चोर असता तर हंगामाची मासळी सडली असती.

बाकी कुठेही तिला शिरता आलं नाही. इतकं नेटकं काम पाहिलं नाही म्हणते. पण यंत्रणा तुझ्याकडे ठेवायची की तिच्या लोकांकडे द्यायची, ते संचालक मंगळवारी ठरवणार. रुसू नकोस रे, वाट बंद कर. आहे तसाच जीव लाव.

आयोना

ब्लफ, १२ जून

चि. आयोनास आशीर्वाद. आज एकच.

माझी खोड बाहेरच्या पोरीला सांगितलीस? जेवण गेलं नाही मला. चोरवाट बुजवली. आता कुणाचाही फोन आला की ठेवतो आणि नंबर स्वतः शोधून उलट करतो. हेही तिनंच शिकवलं, तेही गोड बोलून, म्हणून जास्त जळफळाट.

संचालकांना सांग, फोडाफोडी तिची, बांधणी माझी. ती फोडेल, मी पुन्हा बांधीन. माया थोडी इकडेही राहू दे.

मर्डो

ता. क. काल अनाहेरानं मला तिच्या कंपनीत नोकरीला बोलावलं. लोकांना फोन करून फसतात का ते पाहायचं. माझ्यासारख्या किरकिऱ्या माणसाचा संशय येत नाही म्हणे. मंगळवारचा निकाल कळायच्या आधीच मी नाही म्हणालो. पगार वर्षाला एक लाख चाळीस हजार डॉलर होता.