आधी साहेबांना सांगावं लागलं

ती. आईस, लांबूनच पाया पडते.

एक्सरे काढण्याआधी मी प्रत्येक बाईला विचारते, "दिवस गेलेत का?" परवा एकीला विचारताना लक्षात आलं, माझीही पाळी चुकली आहे. तपासून घेतलं. आहे. आमच्या कामात किरणं असतात, म्हणून आधी साहेबांना सांगावं लागलं. जावई दुसरे, तू तिसरी. रागावू नकोस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके इतक्यात दिसायचे नाहीत, पंधरवड्याने या. मी वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

मावशीला एवढ्यात बोलू नकोस. मागच्या वेळी टिकलं नाही, हे घरोघर सांगताना तूच मेटाकुटीला आली होतीस. तेव्हाचं दुपटं पेटीतच राहू दे. नुसतं एकदा ऊन दाखव, डांबराच्या गोळ्यांचा वास बसला असेल.

तुझी धाकटी