बिनआवाजाच्या चाकाचा बोभाटा

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. मामींनाही सांगा, मात्र गुडघा दुखत असेल तर आशीर्वाद द्यायला उठू नका म्हणावं, बसल्या जागेवरून दिलेलाही इथपर्यंत पोहोचतो. तुमचा खोकला कसा आहे? आई विचारते आहे, औषध घेता की घेतलं म्हणून नुसतं सांगता? (उत्तर परस्पर तिलाच द्या. मागच्या वेळी मी मधे पडले आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली.)

इथे मी मजेत आहे. बॅगांच्या कारखान्यात मी नमुना विभागात आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तिथे नेमकं काय करते हे मामी दर वेळी विचारतात, म्हणून सांगते: चाकांच्या बॅगेत विटा भरायच्या आणि ती दिवसभर फरशीवरून, खडीवरून, जिन्यावरून ओढायची. (हे स्थळांना सांगू नये, असं आईचं मत.) माझ्या जोडीला चाकोबा. त्याचं खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुणाला आठवत नाही. चाक सोडून जगातल्या कशात त्याला रस नाही. सिनेमातसुद्धा नायिका निघून जाते तेव्हा हा तिच्या गाडीची मागची चाकं बघत असतो. या पठ्ठ्यानं चाकाच्या आत रबराची एक कडी बसवली आणि बॅगेची घरघर बंद! मी ती ओढत मालकांच्या अगदी मागे जाऊन उभी राहिले तरी त्यांना पत्ता नाही. वळले आणि किंचाळलेच. त्या किंकाळीतच बॅग पास झाली.

लगेच मालकांनी खिडक्यांना पुठ्ठे ठोकले, कुणाला काही कळू नये म्हणून. आम्ही भर दुपारी दिवे लावून काम करू लागलो. आणि आमची बॅग दुकानात जायच्या आधीच दोन रस्ते पलीकडच्या कारखान्याची बॅग तिथे हजर, तीही बिनआवाजाची! मालकांनी ती विकत आणली, चाक फोडलं, तर आत तशीच कडी. त्यांनी चाकोबाला घरी बसवायचं ठरवून टाकलं आणि मला बोलावून म्हणाले, "पुरावा तेवढा आण." मामा, चाकोबाची काळजी मला वाटलीच, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. डोक्यातली गोष्ट कुलूपबंद खोलीतून बाहेर जाते ती नेमकी कुठल्या वाटेनं?

पहिला संशय शेजाऱ्यांवर. आमच्या भिंतीला भिंत लागून बॅगांचाच आणखी एक कारखाना आहे, आणि भिंत अशी की त्यांचा कारकून शिंकला तर आमचा हिशेबनीस "जपा" म्हणतो. गुपित झिरपणार असेल तर आधी तिथेच झिरपायला हवं. मी गिऱ्हाईक बनून गेले, त्यांची बॅग ओढली, तर गल्लीतली झोपलेली कुत्री उठली. त्या बिचाऱ्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं! मग प्रश्न उलटा फिरवला: पलीकडच्या कारखान्यात आपलं कोण आहे? तर आमच्या जुन्या ड्रॉइंगवाल्या ताई. पंख्याखाली कुणी बसायचं यावरून भांडून नोकरी सोडली होती, त्या. आणि शेजारच्या कारखान्यात आमच्याकडून कधी कुणी गेलं नाही, तिथून कधी कुणी आलं नाही. भिंत पातळ, पण ओळख नाही.

चाकोबाची मुलगी आणि ताईंचा मुलगा एकाच तलावावर पोहायला शिकतात. मुलं पाण्यात, आईबाप बाकावर. मी डोक्यावरून टॉवेल घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसले. (कोरड्या टॉवेलाचा संशय येईल हे लक्षात आलं नव्हतं, पण एका धष्टपुष्ट पोरानं काठावरून उडी मारली आणि तीही सोय झाली.) चाकोबा कुरकुरत होता की कडी उन्हात चिकटते.

"चिकटणारच! मी तुला आतून पोकळ कडी सांगितली होती," ताई म्हणाल्या. "तू ऐकतोस अर्धं."

"आणि मऊ रबर कुणी सांगितलं तुला?"

मामा, मी गारच पडले. आमची कडी मुळात ताईंची होती! निदान अर्धी. कुठली अर्धी, ते त्या दोघांनाही सांगता येईना. हेरानं गप्प बसायचं असतं, हे मला कळतं. पण माझा दांडा कधीचा खडखडत होता. (बॅगेचा.) टॉवेलातून तोंड काढून मी विचारून बसले, "आणि दांडा खडखडतो, त्याला काय करायचं?" चाकोबा पाण्यात पडायचाच राहिला. ताईंनी मला नीट न्याहाळलं, मग सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "कुठे खडखडतो? वर की खाली?"

मालकांना मी सगळं सांगितलं. ते लालबुंद झाले. चाकोबाला काढायचा आणि बाकीच्यांना तलावबंदी करायची, असा हुकूम लिहायलाच बसले. म्हटलं, खुशाल लिहा, पण आपली कडीसुद्धा त्याच बाकावरून आलीय, ती वाटही बंद होईल. त्यांचं पेन थांबलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दांड्याचं काही निघालं का?" मी बॅग ओढून दाखवली. दांडा गप्प. मालकही गप्प. चाकोबा वाचला, पुठ्ठे निघाले, खोलीत पुन्हा ऊन यायला लागलं.

आणि आता ऐका. एवढं करून वाचवलेला चाकोबाच निघाला! त्याच्या बायकोची बदली झाली, थेट तुमच्या गावी. विटा आता मी एकटीच भरते, आणि चाक नीट फिरलं की कुणाला हाक मारून दाखवावं ते कळत नाही.

मामींना जपा. तुम्ही खोकला लपवू नका.

तुमची,
भाची

ता. क. पत्र लिहिलं ते खरं तर यासाठी: तुमच्या कारखान्यात हॉस्पिटलच्या ट्रॉल्या होतात, म्हणजे चाकं आलीच. चाकोबासाठी तुमच्या साहेबांकडे शब्द टाका.

ता. क. दुसरा. त्याचं तिथे ओळखीचं कुणी नाही. सुट्टीच्या दिवशी त्याला घरी जेवायला बोलवत जा. जेवण झालं की तो चाकांवर घसरेल. झोपू नका. तो जे बोलेल ते मला फोनवर सांगा.

ता. क. तिसरा. कारखान्यातच पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात मालक आले आणि त्यांनी हे सगळं वाचलं. म्हटलं, संपली माझी नोकरी. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्यांच्या ट्रॉल्या वळणावर अडत नाहीत म्हणे. कसं जमवतात, तेवढं मामांना विचार. पण मी विचारलं म्हणून सांगू नकोस." तेव्हा मामा, हे मीच विचारते आहे.