अभ्यासिका अन्वेषण विभाग, कर्वेनगर

१० जून, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या अधिकाऱ्यांना ही सवय असते. निवृत्तीनंतर आठवणी लिहिताना उपयोगी पडते. माझी नोकरी अजून लागायची आहे, पण कागदपत्रं आधीपासून नीट ठेवलेली बरी.

ध्येय : सीबीआय, सब-इन्स्पेक्टर. परीक्षेचा फॉर्म कालच सुटला. शेवटची तारीख ४ जुलै. वयाच्या अटीत या वर्षी जेमतेम बसतो, त्यामुळे हा शेवटचा अटेम्प्ट. आधीचे चार सरावासाठी होते.

फॉर्मला लाइव्ह फोटो लागतो. मोबाइलसमोर बसायचं, तिथल्या तिथे काढायचा. सध्याची मिशी सब-इन्स्पेक्टरची वाटत नाही, पोस्टातल्या माणसाची वाटते. आठ दिवस वाढवतो. मग फॉर्म.

११ जून
आमच्या अभ्यासिकेचा वरचा मजला एसी. तिथे यूपीएससीवाले. खाली पंखे आणि आम्ही बाकीचे. एक तारखेपासून वर जायचा विचार आहे, म्हणून आजच एक्केचाळीस नंबरची खुर्ची धरून ठेवली. जिन्याजवळच्या रॅकवर कुणाचं तरी बेवारस रजिस्टर पडलं होतं. ते खुर्चीवर टाकलं, वर माझा हिरवा रुमाल. आता कुणाची हिंमत नाही. भिंतीवर पाटी आहे : 'खुर्चीवर ठेवलेल्या वस्तूस हात लावणाऱ्याने जाताना स्वतःच्याही वस्तू न्याव्यात. कायमच्या.' मालक रावसाहेब स्वतः बोलत नाहीत. पाट्या लावतात.

१३ जून
खळबळ! अक्षताची गणिताची वही गेली. अक्षता खालीच, माझ्या समोरच्या रांगेत बसते. भंडाऱ्याची. तीन वर्षांच्या नोट्स, सगळ्या हाताने लिहिलेल्या. रडत होती. मी माझी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणालो, चोवीस तासांत शोधून देतो. ती म्हणाली, तुम्ही अभ्यास करा. माणूस धक्क्यात असला की असं बोलतो.

१४ जून, दुपारी
चोवीस तास संपले. पण घाईने तपास बिघडतो. शोधाशोध करणं आणि तपास करणं यात फरक आहे. शोधाशोध कुणीही करतो. तपासाला आधी रचना लागते.

म्हणून 'अभ्यासिका अन्वेषण विभाग' स्थापन केला. रचना हुबेहूब सीबीआयसारखी. शाखा : भ्रष्टाचारविरोधी (चहाची उधारी), आर्थिक गुन्हे (कुणी कुणाचा रिचार्ज मारला), विशेष गुन्हे (वही). शिवाय अभियोग संचालनालय आणि फॉरेन्सिक लॅब. लॅब म्हणजे अक्षताच्या टेबलाचा फोटो, झूम करून.

संचालक मी. विशेष संचालक, अतिरिक्त संचालक, सहसंचालक यांचा अतिरिक्त कार्यभार तूर्त माझ्याकडेच. अभियोग यज्ञेश्वरला देऊ केला. यज्ञेश्वर माझा रूममेट. पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाला, फॉर्म भरलास का? या मुलाला दूरदृष्टी नाही.

१६ जून
लक्षात आलं की संचालकाने स्वतःची नेमणूक स्वतः केलेली चालत नाही. दिल्लीत त्याला तिघांची समिती लागते : पंतप्रधान, विरोधी पक्षनेता, सरन्यायाधीश. इथे अनुक्रमे रावसाहेब, वरच्या मजल्याचा तेजस आणि मेसच्या हिराबाई. रावसाहेब म्हणाले, काय हवं ते करा, फक्त आवाज नको. तेजसने मेसेज बघून उत्तर दिलं नाही, म्हणजे तटस्थ. हिराबाई म्हणाल्या, पोळ्या गार होतायत. बहुमताने निवड झाली.

१८ जून
थेट गुन्हा नोंदवत नाहीत. आधी प्राथमिक चौकशी. चौकशीत तथ्य आढळलं तर नियमित गुन्हा. अक्षताला हे दोन टप्पे समजावून सांगितले, डब्याच्या सुटीत, पाऊण तास. तिने विचारलं, वही शोधायला कधी सुरुवात करणार? मी तारीख दिली नाही. संस्था तारखा देत नाही.

सकाळी गेनबा म्हणाले, सायेब, वर तुमचा हिरवा रुमाल पडून हाय. गेनबा लोणी काळभोरहून पहाटेच्या बसने येतात, पाच वाजता अभ्यासिका उघडतात, दोन्ही मजले झाडतात, पाण्याचे जार भरतात. शिवाय हेही विचारलं की फारम भरला का. झाडणाऱ्याला माझ्या रुमालाची आणि फॉर्मची एवढी माहिती का? नोंद करून ठेवतो.

मिशी : डावी बाजू मागे आहे.

२० जून
मोठा अडथळा. वरच्या मजल्यावर झडती घ्यायला गेलो, तर तेजसने दारातच अडवलं. म्हणाला, आमच्या मजल्यावर खालच्यांनी यायचं नाही, मॉक इंटरव्ह्यू चालू आहेत.

मी वाद घातला नाही. मुद्दा घटनात्मक आहे. सीबीआय दिल्लीच्या १९४६ च्या कायद्यावर चालते, आणि राज्यात तपास करायचा तर राज्याची संमती लागते. काही राज्यांनी ती काढून घेतली आहे. तसंच वरच्या मजल्याने आमची सर्वसाधारण संमती काढून घेतली. इतक्या जुन्या संस्थेला जे भोगावं लागतं ते माझ्या संस्थेला सहा दिवसांत भोगावं लागलं. छाती भरून आली.

तेव्हा तपास फक्त खाली. वही खालीच असणार.

२३ जून
गेनबांची चौकशी. जिन्याखाली, दोन स्टुलांवर. माझ्याकडे फाइल होती. त्यांच्याकडे फडकं.

चाव्या कुणाकडे? माझ्याकडं. सगळ्यांच्या आधी कोण येतं? मीच की. जुन्या वह्या-पेपर रद्दीत कोण घालतं? मीच, मालकांच्या सांगण्यावरनं. प्रत्येक उत्तर स्वतःविरुद्ध, आणि तेही हसत! सराईत दिसतात.

मग विषय बदलायचा प्रयत्न. म्हणे, सायेब, त्या एक्केचाळीसवर तुमच्या रुमालाखाली कसलीतरी जाड वही हाय, एकदा बघून तरी घ्या, मला वाचता येत न्हाई. मी ताबडतोब थांबवलं. संचालकाच्या वैयक्तिक वस्तूंचा या प्रकरणाशी काय संबंध? शिवाय जागा वरच्या मजल्यावर. संमती नाही. जबाबातून ते वाक्य वगळलं.

२६ जून
बाबांचा फोन, वाशिमहून. फारम भरला काय रे बाबू? भरतोच आहे म्हणालो. मागे आई म्हणत होती, त्याला म्हणा यंदा शेवटचं आहे. माहीत आहे मला. सगळे एकच प्रश्न विचारतात आणि कुणालाही माझ्या कामाचा व्याप दिसत नाही.

अभ्यास : शून्य तास. पण सीबीआयची भूमिका आणि रचना या विषयावर मला कुणीही काहीही विचारावं.

२९ जून
मिशी तयार. पण अंतिम अहवाल अर्धवट असताना फोटो काढला तर चेहऱ्यावर ताण दिसेल. आधी अहवाल. फॉर्म ४ तारखेला. शेवटच्या दिवशी सर्व्हर रिकामा असतो. सगळ्यांनी आधीच भरलेला असतो.

यज्ञेश्वरने पहिल्याच आठवड्यात भरला. जातील असे उतावळे कारकून होऊन.

१ जुलै
वरच्या मजल्यावर जायचा बेत तूर्त रद्द. संमतीचा प्रश्न मिटेपर्यंत तत्त्व म्हणून जाणार नाही.

अहवाल बावीस पानांचा झाला. एक पान वहीबद्दल, बाकीची विभागाच्या रचनेबद्दल. निष्कर्ष : प्रत्यक्ष पुरावा नाही, तथापि परिस्थितीजन्य साखळी गेनबा यांच्याकडे निर्देश करते. 'तथापि' छान बसला.

३ जुलै
अहवाल रावसाहेबांना सादर केला. त्यांनी बावीस पानांतलं शेवटचं तेवढं वाचलं. म्हणाले, बरं झालं, कागद झाला. त्यांना गेनबांना तसंही काढायचंच होतं म्हणे, वय झालंय, जिना चढताना थांबतात, पण अकरा वर्षं काम केलेल्या माणसाला कारण काय सांगणार? आता कारण आहे.

दुपारी गेनबा गेले. पिशवीत चपला, डबा आणि एक कॅलेंडर. दारात थांबून म्हणाले, मी घेतली न्हाई हो ताई. अक्षता मान खाली घालून बसली होती.

जरा कसंतरी झालं. पण काही लोक म्हणतात तपास यंत्रणा वरच्यांच्या सोयीने चालतात, ते आमच्याबाबत खोटं आहे. मला कुणीही काहीही सांगितलं नव्हतं. आमचा निष्कर्ष आणि मालकांची इच्छा एकाच दिवशी जुळली, इतकंच.

५ जुलै, सकाळी
काल दुपारी चारला फॉर्म उघडला. सर्व्हर रिकामा नव्हता. सगळा देश ४ तारखेवर विसंबून होता. सहाला लॉगिन. आठला पत्ता. मग लाइव्ह फोटो. मोबाइल म्हणाला, चेहरा स्पष्ट नाही. उजेडात गेलो. चेहरा ओळखता येत नाही. यज्ञेश्वर म्हणाला, आधारवर मिशी नाही ना तुझी, काढून बघ. त्याच्याच रेझरने काढली. त्यात ओठ कापला. मग मोबाइलने फोटो घेतला. पण पेमेंटचं चक्र फिरत राहिलं आणि वेळ संपली.

यज्ञेश्वरने चहा करून दिला. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

६ जुलै
काही नाही.

७ जुलै
बाबांचा फोन. भरला म्हणालो. ते खूश झाले. शेजारच्या कुणाला तरी लगेच सांगताना ऐकू आलं.

९ जुलै
रावसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, विभागाला जागा देतायत. म्हणाले, पाच वाजता उघडायला माणूस नाही, तुम्ही रिकामेच दिसता. झाडलोट आणि पाणी. बदल्यात खुर्ची फुकट. खालची.

विचार करून स्वीकारलं. सीबीआयमध्येही कितीतरी अधिकारी दुसऱ्या खात्यांतून प्रतिनियुक्तीवर येतात. ही तशीच. शिवाय घरी जाऊन सांगणार काय?

११ जुलै, सकाळी ५.४०
पहिला दिवस. खाली झाडून वर गेलो. तेजसने अडवलं नाही. झाडू असला की संमती लागत नाही, हे सीबीआयला कुणीतरी कळवलं पाहिजे.

या कामातली एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. पाटी सगळ्यांना लागू आहे, झाडणाऱ्याला नाही. त्याला प्रत्येक खुर्चीवरची वस्तू उचलावीच लागते, पुसून परत ठेवावी लागते. एक्केचाळीसवर माझा हिरवा रुमाल होता. स्वच्छ. कुणीतरी धुऊन घडी घालून ठेवला होता. खाली पांढऱ्या कव्हरचं रजिस्टर. उघडलं. पहिल्या पानावर अक्षताचं नाव, बारीक अक्षरात, त्याखाली 'सापडल्यास कृपया परत करावे'.

महिनाभर उघड्यावर होतं. चाळीस जण रोज बाजूने जात होते. धरलेल्या खुर्चीला कुणी हात लावला नाही.

११ जुलै, सकाळी ११
वही अक्षताच्या टेबलावर ठेवली, खाली कुणी आलं नव्हतं तेव्हा. ती आली, बघितली, छातीशी धरली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, गेनबांनीच आणून ठेवली असणार, घाबरून. तुमचा अहवाल बरोबर होता.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. बादली घेऊन आत गेलो.

इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच माझं कौतुक केलं.

१६ जुलै
गेनबा आले होते, राहिलेला पगार घ्यायला. मांजरी गावात एका रोपांच्या नर्सरीत लागलेत. घराजवळ पडतं, जिना नाही. माझ्या हातातला झाडू बघितला. मग म्हणाले, कोपऱ्यात पाणी शिंपडून घ्या, न्हाईतर धूळ पोरांच्या पुस्तकावर बसती. शिंपडलं. खरंच बसली नाही.

फारम भरला का, असं विचारलं. नाही म्हणालो. महिन्याभरात हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकट्या त्यांना खरं उत्तर मिळालं.

मग मीच सांगितलं की वही सापडली. रुमालाखालीच ना, म्हणाले. मी मान हलवली. लाज वाटली, इतकी की वर बघवेना. ते चिडतील अशी वाट बघत होतो. पिशवी उचलून एवढंच म्हणाले, मला परत यायचं न्हाई, पण त्या ताईला तेवढं सांगा, गेनबानं घेतली नव्हती म्हणून.

सांगतो म्हणालो. नक्की. ते दारातून बाहेर पडले.

अक्षता समोरच बसली होती, वहीत डोकं घालून. परीक्षा जवळ आली आहे, आत्ता मधेच उठवणं बरं दिसणार नाही. उद्या सांगतो. या कामाला शेवटची तारीख नाही.