सोडलेल्या उत्तराचं कारण

बाई, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली आणि मी आत्ता कुठे लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, उशीर झाला तो झाला, आता पायऱ्या तरी गाळू नकोस. तुम्हाला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. ते शेवटी मला मिळालं, पण तोवर तुम्ही नव्हतात. ज्याचं देणं लागावं तोच उठून गेला की माणूस वेड्यासारखा कागदाशी बोलतो, तसं हे चाललं आहे.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. आमच्या गावात, कराडच्या खाली कृष्णेकाठी, मुलींना चौथीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून मला सांगलीला मावशीकडे ठेवलेलं. तुमच्या वर्गात आले त्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना तुम्ही माझं नाव वडिलांच्या नावासकट वाचलंत आणि आवाज मध्येच अडला. "गाव कोणतं?" मी सांगितलं. तुम्ही माझ्याकडे जरा बघत राहिलात आणि मग पुढचं नाव घेतलंत. मला वाटलं, खेडवळ दिसते म्हणून बघतात. तेव्हा मला सगळ्यांच्याच नजरेत तेवढंच दिसायचं.

वर्गसमीकरणं सुरू झाली तेव्हा मात्र मी तुमच्या तावडीत सापडले. गणित एका शेताचं होतं. लांबी रुंदीपेक्षा तीन हातांनी जास्त, क्षेत्रफळ एकशेऐंशी, तर रुंदी किती? क्ष वर्ग अधिक तीन क्ष वजा एकशेऐंशी. गुणाकार एकशेऐंशी आणि फरक तीन असे दोन आकडे शोधायचे, मधल्या पदाची फोड करायची, दोन कंस पाडायचे. त्यात मी चटपटीत होते. पंधरा आणि बारा मला लगेच दिसले. रुंदी बारा असं लिहून मी ऐटीत पाटी पुढे केली, आणि तुम्ही मला उभं केलंत.

"दुसरं उत्तर कुठे गेलं?"

"बाई, ते उणे पंधरा आलं. म्हणून सोडलं."

"चूक आहे का ते?"

"हो."

"फळ्यावर ये. ताळा करून दाखव."

उणे पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. त्यातून पंचेचाळीस गेले, एकशेऐंशी गेले. खाली शून्य उरलं. सगळा वर्ग हसला, माझे कान तापले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "चूक नाही ते. बाराइतकंच बरोबर आहे. तुझ्या शेतात बसत नाही, एवढंच. सोडायचं तर खुशाल सोड, पण का सोडलं ते लिही. कारण न लिहिता कुणालाही सोडायचं नाही." हे शेवटचं वाक्य गणिताच्या मानानं जरा मोठ्यानं आलं. आम्ही मुली मधल्या सुट्टीत तुमची नक्कल करून ते म्हणायचो आणि खिदळायचो.

मग तुम्ही मला शाळा सुटल्यावर तुमच्या खोलीवर बोलवायला लागलात. शाळेत तुमचं बोलणं पुस्तकासारखं, पण खोलीवर म्हसवडकडची माणदेशी बोली बाहेर यायची. शेगडीवर पिठलं रटरटतंय, मी पाटावर बसून अवयव पाडतेय, आणि तुम्ही पाठमोऱ्याच विचारता, "तुमच्या उंबऱ्याच्या आतली फरशी आजून हालती का गं?"

"हालती की बाई. तुमास्नी कसं ठावं?"

"असती एखादी हालती फरशी, समद्याच घरात." जरा वेळानं, "परसातला लिंब हाय का पाडला?"

लिंब होता. मी तसं सांगितलं, आणि त्या दिवशी परत जाताना मला तुमची भीती वाटली. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, शिकलेल्या बायकांना काय काय कळतं. तुम्ही लावत होतात ते आडनाव तुमच्या माहेरचं होतं, त्यामुळे तिच्याही डोक्यात काही आलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीला दरसाल मला न्यायला चुलते यायचे. त्या वर्षी दादा स्वतः आले. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. पलटणीतून सुटून आलेले, अंगात खाकी कोट, शाळेच्या फाटकाशी ताठ उभे. मी पळत जातेय, आणि मागून तुम्ही बाहेर येता. दादांचा चेहरा असा कधी पडलेला मी पाहिला नव्हता. तुम्ही त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबता. आवाज अगदी साधा, बाजारभाव विचारावा तसा.

"न्यायला आलासा?"

"व्हय." दादा टोपी काढतात, परत घालतात. "पोरीला."

"तवा का आला न्हाईसा?"

तुम्ही वाट बघता. मला आठवतं, फळ्यासमोर अडलेल्या मुलीला तुम्ही जेवढा वेळ द्यायचात त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ तुम्ही त्यांना दिलात. मग ते माझ्याकडे वळून म्हणतात, "चल, गाडी चुकंल." तुम्ही बाजूला होता. "जा," मला म्हणता, "सुट्टीत अवयवांचा सराव सोडू नको."

घरी आल्यावर फाटकाशी झालेलं मी आईला सांगितलं, तेव्हा ती बोलली, करंज्या लाटता लाटता, मान खाली घालून. "ती तुज्या बापाची पयली. लगीन झालं त्या साली दिवाळीआदी तिचा भाऊ तिला माहेरी घेऊन गेला. दिवाळसनाला जावई येनार आन् बायकूला घेऊन जानार, ही रीत. ह्यो गेलाच न्हाई. पुढच्या साली मला आनली."

"का न्हाई गेलं दादा?"

"मला कुनी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. झाकली मूठ." मग तिचं लाटणं थांबलं. "तुज्या आदी माजी दोन पोरं गेली. मला वाटायचं, तिचा तळतळाट हाय. आन् ती तुला शिकवती व्हय?"

तेव्हा मला कळलं की आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आणखी एक माणूस राहत होतं, आणि त्याचं ताट कुणी वाढत नव्हतं. आई उंबरा ओलांडताना ती फरशी चुकवून पाय टाकायची. मी आजवर समजत होते की पाय अडखळेल म्हणून.

निघताना आईनं करंज्यांचा डबा आणि एक खण तुमच्यासाठी माझ्याकडे दिला. मावशीनं दिलंय म्हण, असं बजावून. तुम्ही खण मांडीवर ठेवलात, माझ्यासमोर एक करंजी सगळी खाल्लीत. "खुसखुशीत झाल्यात. कुनी केल्या?"

"मावशीनं."

"मावशीला सांग, पोर गुनाची हाय. आन् सांग, माज्या मनात तिच्याइषयी काय न्हाई. कवाच नव्हतं." पुढच्या सुट्टीत आईला हे सांगितलं तर ती चुलीपुढे बसूनच रडली, पदर तोंडात कोंबून. बाई, त्या एका वाक्यानं तुम्ही तिला सोडवलंत. तुम्हाला सोडवायला मात्र कुणी नव्हतं. मॅट्रिकपर्यंत तुम्ही मला शिकवलंत, आणि त्या फाटकातल्या प्रश्नाचा पुन्हा कधी उल्लेख केला नाहीत.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी लेकुरवाळी होते. गावी गेले. दादा परसात लिंबाखाली बाजेवर होते, थकलेले. म्हटलं, "म्हसवडच्या बाई गेल्या, दादा. आता तरी सांगा. तुमी का गेला न्हाईसा?"

पायाच्या अंगठ्याकडे बघत ते म्हणाले, "गुऱ्हाळ लागलं हुतं. म्हटलं, एवढा गूळ निघाला की जाऊ. मग म्हटलं, संक्रातीला जाऊ. मग शिमग्याला. मग लाज वाटाय लागली, एवढ्या उशिरा जाऊन काय तोंड दावायचं. तवर आईनं दुसरी पोरगी बघितली. मी व्हय म्हटलं."

"त्यांच्यात काय खोट हुती?"

"काय बी न्हाई. लय गुनाची हुती ती."

एवढंच. मी मोठं काहीतरी ऐकायला गेले होते. पत्रिका, भांडण, कुणाची लावालावी, निदान एखादा कानगोष्टीतला डाग. तुम्ही जन्मभर स्वतःत खोट शोधली असेल, आणि तिकडे होती नुसती उसाची चिपाडं आणि एका पुरुषाची टाळाटाळ. मला दादांचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्या घरचं पाणीही प्यायले नाही.

तुमच्या भावाचा पत्ता माझ्याकडे आहे, निदान त्यांच्या मुलांना हे कळवावं असं किती वेळा मनात येतं. पण हा कागद मी पाठवणार नाही. कारण दादा त्या दिवाळीला निघाले असते तर काय झालं असतं, हे मी पुष्कळदा मनात मांडून पाहते. ते गुऱ्हाळ भावावर सोपवून म्हसवडला जातात, तुम्ही त्यांच्याबरोबर गाडीतून उतरता, घर तुमचं होतं, लिंबाखाली तुमची पोरं खेळतात. काही अडत नाही, कुणाचं काही बिघडत नाही. त्या घरात मी फक्त नसते. बाई, तुमच्यासाठी मी रडले आहे आणि अजूनही रडते, पण ते तुम्हाला न्यायला यायला हवे होते, असं मला अजून एकदाही मनापासून म्हणता आलेलं नाही.